शेजारच्या खुर्चीतला वैमानिक

सांगलीहून पुण्याला निघालेली एसटी साताऱ्याला थांबली, तेव्हा मी डोळे मिटून समोरच्या सीटच्या पाठीवर बोटं टेकवत पुटपुटत होते... इंधनपंप, दिवे, पहिलं इंजिन...

"पहिलं न्हाई, दुसरं आधी," शेजारी बसत कुणीतरी म्हणालं.

मी दचकून डोळे उघडले. सावळा चेहरा, मांडीवर बॅग, गालात हसू.

"वीरधवल. वडूजचा. तुम्ही पण दिल्लीलाच ना? सिम्युलेटरला?"

"हो... मी ब्राह्मी."

पुणे येईपर्यंत आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो.

दिल्लीत जोडीही आमचीच लागली. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब कॉकपिट, पण जमिनीवरच. काचेबाहेर खोटे ढग, खोटा पाऊस. डावीकडे तो, उजवीकडे मी. मी जैन, म्हणून कँटीनमध्ये कांदा-बटाटा नसलेलं काय आहे, हे माझ्याआधी तोच विचारून ठेवायचा. आणि मी बोलू लागले की टक लावून बघत राहायचा.

"असा काय बघतोस रे?"

"तुझे ओठ... लय छान हलतात."

मी लाजून चहात बघायचे.

परीक्षेला चार दिवस होते. उड्डाण होताच इंजिनाला आग, असा सराव होता. घंटा घणघणू लागली. "वेग पडतोय, नाक खाली घे!" मी ओरडले. एकदा, दोनदा... त्यानं मानही वळवली नाही. कॉकपिट हादरलं आणि पडदा लाल झाला.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "तुला ऐकूच आलं नाही ना?"

तो पायरीवर बसला.

"उजवा कान जातोय माझा. मेडिकलला ठीक होता. आता... रोज थोडा कमी."

"म्हणजे तू माझ्या ओठांकडे—"

"आधी ऐकण्यासाठीच बघायचो, ब्राह्मी. नंतर... न्हाई." त्यानं माझा हात धरला. "कुणाला बोलू नकोस. चार दिवस सांभाळून घे."

हो म्हणायला जीव तुटत होता.

"मागं एकशे ऐंशी माणसं असतील, वीर. आणि रोज शेजारी मी नसेन."

त्यानं हात सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच इन्स्ट्रक्टरच्या खोलीत गेला. मी दाराबाहेर उभी होते. आठवड्याभरात डॉक्टरांचा निकाल आला: कायमचा अपात्र.

मी पास झाले. घरी येताना साताऱ्यात उतरले, तो वडूजहून आला आणि आम्ही दोघं यवतेश्वराच्या घाटात जाऊन बसलो.

"रागावलायस?"

"राग असता तर सोपं झालं असतं."

"मग लग्न करू या आपण. मी घरी सांगते."

तो खाली शहराकडं बघत राहिला. "तू युनिफॉर्म घालून निघशील, मी दारात उभा राहीन. एक दिवस तुझ्यावर जळेन गं मी. माझं मला ठाऊक हाय."

"मला चालेल."

"मला न्हाई चालणार. तू आवडतेस म्हणून तर..."

तो उठला आणि घाट उतरू लागला.

आता तो वडूजला शाळेत गणित शिकवतो. माझे फोन उचलत नाही.

परवा दुपारी विमान घेऊन पुण्याहून निघालो. ढग फाटले आणि खाली वडूजची, माणदेशाकडची तांबूस माळरानं दिसली. मी वाकून बघत राहिले.

"तुझं गाव का गं खाली?" कॅप्टननं विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले. "होणार होतं."