सोपटाची गाठ

संध्याकाळचं शेवटचं पॅलेट खालच्या दाराशी येऊन टेकलं, तेव्हा लीलाधर चौधरींनी केळ्यांकडे पाहिलंच नाही. पॅलेट आवळणाऱ्या पट्टीच्या टोकाला सोपटाची गाठ आहे का, एवढंच पाहिलं. होती. आणि ती शेवटची होती.

रावेरजवळच्या त्या गोदामातली मांडणी विजेवर चालत नव्हती. वरच्या दारातून आत ठेवलेलं पॅलेट उतारावरच्या रोलरांवरून स्वतःच्याच वजनाने खाली यायचं. रोलरांच्या पोटात एक द्रव होता; वेग वाढू लागला की तो घट्ट व्हायचा आणि पॅलेटला आवरून धरायचा. अडीचशे मीटर उतरायला नऊ दिवस. आतल्या हवेत प्राणवायू नावापुरता, म्हणून केळी हिरवी राहायची आणि माणसाला आत शिरायची सोय नव्हती.

वरच्या दाराशी सुपडू कोळी एकटा, खालच्या दाराशी लीलाधर एकटे. मोबाइल फाटकावरच जमा. घरी निघताना सुपडू दिवसाच्या शेवटच्या पॅलेटला केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, पिळून गाठ मारायचा. 'निघालो बरं का' एवढाच तिचा अर्थ. फक्त निरोप नऊ दिवस शिळा. खालून वर मात्र काहीच जात नसे. चार किलोमीटरचा वळसा घालून एकदा भेटून यावं, असं लीलाधर सहा वर्षं नुसतं म्हणत राहिले.

नऊ दिवसांपूर्वी ही गाठ मारून सुपडू घरी गेला आणि झोपेतच गेला. तरी त्याच्या गाठी रोज येतच होत्या, आणि लीलाधरांना तो वर कामावर असल्यासारखाच वाटायचा. आता तेही संपलं. गाठ खिशात घालून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पॅलेटला पुन्हा गाठ होती.

लीलाधरांनी ती उलटसुलट करून पाहिली. तपासणीला आलेली वर्षा इंजिनिअर म्हणाली, "काका, वर आता यंत्र आहे. सुपडूकाकांचे हात बघूनच शिकलंय ते. त्यात हेही शिकलं."

"कायच्यासाठी बांधतो, हे त्याले ठाव हाये?"

"नाही ना. म्हणून तर विचारतंय."

तिने हातातल्या टॅबचा पडदा पुढे केला. 'या कृतीत चौदा सेकंद जातात. हेतू सापडला नाही. बंद करू? चालू ठेवायची असल्यास कारण लिहा.'

"बंद करून टाका," वर्षा म्हणाली.

"राहू दे, पोरी."

खालून वर काही पाठवायची सहा वर्षांतली ही पहिलीच वेळ, आणि ज्याला पाठवायचं तोच नव्हता. लीलाधरांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'निघालो म्हणून सांगायला. मी खाली वाट पाहतो.'

यंत्राने कारण नोंदवून घेतलं. जरा वेळाने पडद्यावर दुसरा प्रश्न उमटला.

'गाठ पोहोचली, हे वरच्याला कसं कळतं?'