नाणं आधी खाली ठेवा

"तोंड फिरवा!" हार्लनशी मी बोललेले हे पहिले शब्द.

१९६८ चा मार्च, बाल्टिमोरच्या हॉटेलातला हॉल. लिलावाआधी गिऱ्हाइकांना नाणी हातात देऊन दाखवायचं माझं काम. पावसात निथळलेला एक उंच माणूस समोर येऊन बसला. १८८४ चं तीन डॉलरचं सोन्याचं प्रूफ नाणं त्यानं दोन बोटांत कडेनं धरलं आणि थेट त्याच्यावर वाकून म्हणाला, "वा! किती सुंद—"

प्रूफ नाणं म्हणजे आरसा. खास संग्राहकांसाठी पाडलेलं, चौऱ्याऐंशी वर्षं जपलेलं. त्यावर थुंकीचा बारीकसा थेंब उडाला तरी डाग पडतो, आणि तो जन्माचा. म्हणून आमच्याकडे नाणं हातात असलं की मान वळवूनच बोलायचं.

हार्लन स्टोल्झ, लँकेस्टरच्या शाळेत बँड शिकवणारा, हा नियम शिकला. नको इतका शिकला! दर लिलावाला यायचा, एकही नाणं विकत घ्यायचा नाही, नुसतं हातात धरायचा, आणि टेबलावरच्या दिव्याशी बोलत बसायचा.

"मिस पेरिन, निळा स्वेटर शोभतो हं तुम्हाला," हे दिव्याला.

"दिवा आभारी आहे," मी म्हणायची.

"जेवलात का?" हे भिंतीला.

तीन वर्षं! गोड बोलणं सगळं दिव्याच्या वाट्याला आणि माझ्या वाट्याला याचा डावा कान. बोलताना तो कान लालबुंद व्हायचा... आणि मला तोही आवडायला लागला होता. त्याचाच तर जास्त राग यायचा.

१९७१ च्या नोव्हेंबरात मी सांगून टाकलं, "सोमवारपासून माझी बदली लॉस एंजेलिसला. आज पाचला हॉल बंद झाला की... संपलं."

बोटांतलं नाणं तसंच धरून त्यानं मान दिव्याकडे वळवली.

"ऑड्रा..." पहिल्यांदाच माझं नाव घेऊन तो दिव्याला म्हणाला, "मी नाणी बघायला येतच नव्हतो हो कधी..."

"हे कुणाला सांगताय?"

"तुम्हालाच."

"मग माझ्याकडे बघून सांगा ना!"

"नाणं आहे हातात," तो भिंतीला म्हणाला.

कर्म माझं! मी नाणं काढून घेतलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं. "आता बोला."

हार्लन वळला. बोलायला म्हणून पहिल्यांदाच पूर्ण चेहरा समोर आला. आणि नजर पुन्हा दिव्याकडे सरकली. पाचला पाच मिनिटं कमी होती.

"अहो, बोला की!"

"समोरून... समोरून नाही जमत."

मी कपाळावर हात मारला आणि स्वतःच दिव्याकडे तोंड केलं. "दिवेसाहेब, या गृहस्थांना सांगा, लॉस एंजेलिसलाही शाळा आहेत, शाळांना बँड असतात. आणि माझं यांच्यावर प्रेम बसलंय. आता काय करणार, बसलंय!"

टक्. त्यानं दिवा मालवला.

"इकडे बघ ना, ऑड्रा," तो म्हणाला. "मला सांग. मी येतोय."