केडगावचा सरकता बाक

"आजही तेच!" सुलक्षणाने कपाळाला हात लावला.

केडगावच्या निराधार बायकांच्या जुन्या आश्रमातल्या सूतकताईच्या दालनाचं संग्रहालय होत होतं आणि मांडणी तिची होती. भिंतीवर एकच मोठा फोटो: जमिनीवर ओळीने बसून सूत कातणाऱ्या बायका. त्यासमोर तिने बाक ठेवला होता. तो रोज सकाळी कुणीतरी बाजूच्या भिंतीशी सारलेला असे.

"उद्या उद्घाटन. समितीचा संशय पहारेकरी भिमाजी आप्पांवर. आज उलगडा झाला नाही, तर त्यांची नोकरी गेली."

दौंडची खासगी डिटेक्टिव्ह अकिला बाकाभोवती फिरली. तिचा मदतनीस सुदर्शन बाक उचलायला गेला आणि नुसता लालबुंद झाला. "दोघांचं काम हाय हे," त्याने निकाल देऊन टाकला.

"उचलू नकोस, ढकल."

पायांखाली जाड लोकरी पट्ट्या होत्या. बाक एका हाताने सरकला.

"फोटो इतका खाली का?"

सुलक्षणा बाकावर टेकली. "मुलांना दिसावा, व्हीलचेअरवरूनही दिसावा. आणि बघताना कुणाला भरून आलं, तर बसायला बाक." किल्ल्या तिघांकडेच होत्या: ती, भिमाजी आणि समितीचे अध्यक्ष पोपटराव.

भिमाजी आप्पा आले आणि धपकन बाकावर बसले. "म्या कशाला हलवू? सकाळी स्टेशनावर चहा पिऊन येतो, तवर ह्यो भिंतीला गेलेला! त्यात फोटोची काच बी पुसायची. खालच्या अंगाला रोज बोटं उमटत्यात. पोरं लई वात्रट."

"आप्पा, संग्रहालय अजून उघडलंच नाही. पोरं कुठली?"

आप्पा डोकं खाजवत काचेकडे बघू लागले. सुदर्शनने अकिलाला डोळ्यांनी खुणावलं. त्याच्यापुरता चोर सापडला होता.

भांडगावचे पोपटराव, सगळ्यांचे आबा, ऑफिसात पायावर पाय टाकून बसले होते. "भिमाजी वाईट न्हाई. पर समितीपुढं माझं काय चालतंय?"

अकिला त्यांना दालनात घेऊन आली. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

"बसा ना, आबा."

"न्हाई, उभाच बरा."

संध्याकाळी तिने तिघांनाही दालनात बोलावलं.

"काचेवर बोटं उमटतात ती खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथं. पोरं तर इथं आलेलीच नाहीत. म्हणजे किल्लीवालं कुणीतरी बाक सारून फोटोसमोर खाली बसतं. सुलक्षणाताई बाकावर बसल्या, आप्पाही बसले. आबा ऑफिसात खुर्चीवर बसतात. इथं मात्र चपला बाहेर काढून उभे राहतात. वडीलधारं माणूस जमिनीवर असताना आपण उंचावर कसं बसायचं? आबा, ह्यातल्या तुमच्या कोण?"

पोपटरावांनी फोटोतल्या कडेच्या मुलीवर बोट ठेवलं.

"आई. धुरपदा. हितंच वाढली. घरात कुणी कधी बोललं न्हाई. अध्यक्षाची आई आश्रमातली, म्हणून लोक हसतील, असं वाटायचं." ते वळले. "भिमाजी, माझ्या लाजंपायी तुझी भाकरी जात होती. चुकलो मी."

आप्पांचा राग कुठल्या कुठे गेला. "आधी सांगायचं की, आबा! म्या सतरंजी टाकून ठिवली असती."

दुसऱ्या दिवशी फोटोसमोर खरंच सतरंजी होती. बाक सुलक्षणाने गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीशीच ठेवला. त्यावर ऐसपैस बसलेला सुदर्शन अकिलाने नुसतं पाहताच निमूट खाली उतरला.

पोपटरावांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं. "माझी आई, धुरपदा, हितं सूत कातायची," एवढंच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि आईसमोर मांडी घालून बसले. या वेळी दालनाचं दार सताड उघडं होतं.