एकट्या तारेचा हेलकावा

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. घरी राहायला आलेल्या पोरांनी असले विषय काढले की मी सरळ दिवा बंद करते आणि झोपा म्हणते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझ्या बापाच्या आणि माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. कुणाला थापा वाटल्या तर खुशाल वाटू देत, माझं काही जात नाही.

आणि हो, रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे एक हॉल. गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात तसला. लाल खुर्च्या, लाकडी स्टेज, सगळीकडे फिनेलचा वास.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर पियानो जुळवणाऱ्यांचं. बाबांनी जन्मभर तेच केलं, आणि फक्त कानाने केलं. पियानोच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यातल्या दोन तारा रबराची पाचर घालून गप्प करायच्या आणि एक जुळवायची. मग दुसरी मोकळी करून तिला पहिलीशी जुळवायची. दोघींत केसाइतका फरक असला तरी आवाज हेलकावतो.

वंऽऽव… वंऽऽव… वंऽऽव…

खुंटी फिरवत गेलं की हेलकावा मंदावतो, आणि दोघी जुळल्या की थांबतो. बाबा म्हणायचे, "भांडायला दोघं लागतात. एकटी तार कुणाशी भांडणार?"

दादाला लहानपणी तो हेलकावा ऐकूच यायचा नाही.

बाबा त्याला पियानोसमोर उभा करायचे. "ऐक! नीट ऐक!" म्हणायचे. नाही कळलं की कान पिळायचे. एकदा कानामागून रक्त आलं. आई मध्ये पडली तर तिलाही ढकललं. माझे बाबा आहेत, माझा जीव आहे त्यांच्यावर, पण हात उचलताना त्यांना भान नसायचं हे खरं आहे.

दादा मोठा झाला आणि त्याने मीटर घेतलं. हातात मावणारी डबी. स्वर वाजवला की काटा हलतो, खाली असेल तर डावीकडे, वर असेल तर उजवीकडे. बरोबर मधल्या रेषेवर आला की हिरवा दिवा लागतो. दादाची कामं झटपट व्हायला लागली. लोक खूश. बाबा मात्र म्हणाले, "बहिऱ्याला काठी मिळाली."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

एकाच घरात राहून माझ्यामार्फत बोलायचे. "त्याला सांग, चहा गार होतोय." "त्यांना सांग, मी बाहेर पितो." मी काय टपालखातं आहे? पण करत होते. आई गेल्यावर या दोघांना एका छपराखाली धरून ठेवणारी मीच उरले होते.

म्हणून त्या हॉलच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मला आनंदच झाला. संध्याकाळी कार्यक्रम होता. पियानो नुकताच एका घरातून विकत आणलेला. वाजवणारी बाई हट्टी, मशीनवर जुळवलेला चालणार नाही म्हणाली. म्हणजे बाबाच हवेत. पण बाबांच्या मनगटात आता खुंटी फिरवायचा जोर नव्हता. म्हणजे दादाही हवा.

कान बाबांचा, हात दादाचा. वाटलं, एवढी एक दुपार दोघांनी मिळून काम केलं तर पुढचं आपोआप होईल. मी दोघांना गाडीत घातलं आणि निघाले.

मॅनेजरने आम्हाला स्टेजपर्यंत सोडलं आणि पियानोच्या जवळ न येता, खालूनच, "होईल ना संध्याकाळपर्यंत?" विचारून निघून गेला.

पियानो उभा होता. काळा, जड, जुना. दादाने समोरची फळी काढली. पट्ट्यांवरचं झाकण उघडलं. आतून थंड हवा आली… तळघराचं दार उघडल्यावर येते तशी.

"त्यांना सांग, मीटर फक्त पडताळायला ठेवतोय," दादा मला म्हणाला.

"तूच सांग की. हे काय इथे उभे आहेत."

दादाने मीटर पियानोवर ठेवलं. चालू केलं.

कुणी काही वाजवलं नव्हतं.

आणि काटा उठला…

उठून मधल्या रेषेच्या थोडासा डावीकडे थांबला. तिथेच. कुणीतरी एक स्वर धरून ठेवावा तसा.

मला काही ऐकू येत नव्हतं. दादाने पंख्यांकडे पाहिलं. मी जाऊन सगळे पंखे बंद केले. मग दिवेही बंद केले. खिडक्यांतून येणारा उजेड पुरेसा होता.

काटा तिथेच.

बाबा हसले. "बघ गं, याचं यंत्र आता नसलेलंपण ऐकायला लागलं."

दादाचा चेहरा लाल झाला. त्याने मुकाट्याने पाना उचलला. पाना म्हणजे खुंट्या फिरवायचा, लांब दांड्याचा, चांगला वजनदार.

दोन तारांत पाचर घातली. एकच तार मोकळी ठेवली. पट्टी दाबली.

वंऽऽव… वंऽऽव… वंऽऽव…

हेलकावा माझ्याही कानाला कळला. बाबांचं हसू गेलं.

"पाचर नीट बसली नाही."

"बसलीय," दादा म्हणाला. किती वर्षांनी तो सरळ त्यांच्याशी बोलला! "जुनी तार आहे. जुनी तार एकटीपण हेलकावते कधीकधी."

"एखादी. दुसरी बघ."

दुसरी बघितली. तिसरी बघितली. मग शेजारचा स्वर, त्याच्या शेजारचा. एकेकटी तार.

सगळ्या हेलकावत होत्या.

बाबांनी डोळे मिटले. मग त्यांनी आत हात घालून मोकळ्या तारेवर तळवा ठेवला. तार गप्प झाली.

पण आवाज थांबला नाही…

अगदी बारीक. एक सरळ स्वर, तारेपेक्षा थोडा खालचा. इतका वेळ काटा दाखवत होता तोच. तो पियानोतून येत नव्हता. आमच्या तिघांच्या मधून कुठूनतरी येत होता.

"बंद कर," बाबा म्हणाले. त्यांनी हात झटकन बाहेर काढला. "सामान आवर. आपण निघायचं."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

झालं! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशी आमच्या घरातली माणसं. दादा एकदम उसळला. "नेहमीचंच! मला जमायला लागलं की बंद कर! पियानो खाली उतरलाय, बास. मी वर आणतो."

"एका झटक्यात चढवू नकोस! जुन्या तारा आहेत, तुटतील!"

दादाने ऐकलं नाही. पाना खुंटीवर बसवला आणि ओढला. एका हाताने पट्टी ठोकत होता, दुसऱ्याने ओढत होता. तार चढत होती, ते मला ऐकू येत होतं.

काटा मात्र जागचा हलत नव्हता.

जितकं दादा वर ओढत होता तितकं कुणीतरी काट्याला खाली ओढत होतं. दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं…

आणि तार तुटली.

आसूड बसावा तशी ती दादाच्या तोंडावर बसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत. रक्ताची चिळकांडी पांढऱ्या पट्ट्यांवर उडाली. मी किंचाळले. दादाने तोंड पुसलंसुद्धा नाही. पाना पुढच्या खुंटीवर नेला आणि परत ओढला. तीही तुटली. ती त्याच्या मनगटात घुसली. त्याने दातांनी उपटून थुंकली.

"दादा! अरे वेड लागलं का तुला! बाबा, धरा त्याला!"

बाबा पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर पसरले, त्याला पुढचा स्वर वाजवता येऊ नये म्हणून.

तेवढ्यात झाकण पडलं.

बाबांच्या बोटांवर.

मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळक्या काटक्या मोडतात तसा. आता नीट वाचा. दादाचे दोन्ही हात पान्यावर होते. मी बाबांच्या मागे होते. त्या झाकणाला कुणीही हात लावला नव्हता. हे मी कुणापुढेही, कुठेही, छातीवर हात ठेवून सांगेन.

बाबा ओरडले, "उचल! उचल रे!"

मी झाकणाला दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढलं. केसभर हललं नाही.

दादा वळला. त्याने पाना खाली ठेवला. मला वाटलं, सुटलो, आता हा उचलेल.

त्याने झाकणावर हात टेकले… आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"ऐक!" तो म्हणाला. "नीट ऐक!"

बाबा गुडघ्यावर आले होते, हात वर अडकलेले. झाकणाखालून रक्त पट्ट्यांवरून ओघळत होतं.

"ऐक! नीट ऐक!"

मीटर तिथेच होतं. मी पाहिलं. काटा सरकला. इतका वेळ हट्टाने डावीकडे बसलेला काटा सरकून बरोबर मधल्या रेषेवर आला. हिरवा दिवा लागला आणि जराही न लुकलुकता लागून राहिला.

दादाने पाना उचलला आणि बाबांच्या कानावर मारला.

मग परत मारला.

तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी पियानोचं स्टूल उचललं आणि माझ्या भावाच्या गुडघ्यावर घातलं. होतं नव्हतं तेवढं बळ लावून घातलं. तो कोसळला. पाना स्टेजवर पडून खालपर्यंत गडगडत गेला.

सगळं गप्प. तो बारीक स्वरही गेला. मी झाकणाला हात लावला तर अगदी सहज उचललं गेलं.

दादा जमिनीवर पडल्या पडल्या बाबांकडे बघत होता. "बाबा? बाबांना काय झालं? बारके, बाबांना कुणी मारलं?"

तो नाटक करत नव्हता. लहानपणापासून ओळखते त्याला, त्याला नाटक जमतच नाही.

बाबा जगले. तीन बोटं कापावी लागली. एक कान कायमचा गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, झाकण पडलं. पोलिसांना सांगितलं, तार तुटून लागली आणि मी पडलो. मला डोळ्यांनीच दटावलं. मी तोंडाला कुलूप लावलं. हॉस्पिटलात दादाचा गुडघा दुसऱ्या मजल्यावर आणि बाबा तिसऱ्या. मी दिवसभर जिने चढत उतरत होते.

हॉलच्या मॅनेजरला मी जाऊन गाठलं. आधी तो ततपप करत राहिला. मी आवाज चढवल्यावर बोलला. तो पियानो एका संगीत शिकवणाऱ्या मास्तरांचा. घरात ते आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलाला रोज बसवायचे, चुकला की झोडपायचे. एक दिवस त्या मुलानेच मास्तरांना पियानोसमोर ठेचून मारलं आणि मग गळ्याला तार लावून घेतली.

"मेल्या, हे आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर आला असतात का, ताई?"

मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

पण मला एक आधार मिळाला. ते दादाने केलंच नव्हतं. त्या मुलाने केलं होतं. माझ्या भावाचे नुसते हात वापरले होते. मी धावत बाबांकडे गेले, त्यांच्या धड कानाशी बसले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, तो आपला दादा नव्हताच."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुला किती आवाज ऐकू आले?" त्यांनी विचारलं.

"कसले?"

"तो 'ऐक' म्हणाला तेव्हा."

"एकच. दादाचा."

"दोन होते," बाबा म्हणाले. "एक कुणाचा, मला माहीत नाही. तरुण होता. दुसरा आपल्या पोराचा." त्यांचे डोळे भरून आले. "जबरदस्ती असती तर दोन आवाजांत जरातरी फरक राहिला असता गं. हेलकावा आला असता. मी जीव एकवटून तोच शोधत होतो. नव्हता. दोघं अगदी तंतोतंत जुळलेले होते."

मी विचारलं, "मग दादाला घरी आणायचं की नाही?"

"आण," बाबा म्हणाले. "राग माझाच आहे तो, मीच त्याच्यात भरलेला. दुसरीकडे कुठे जाईल?"

उद्या सकाळी दादाला सोडणार आहेत. तो फोनवर सारखा एकच विचारतोय, बाबा माझ्याशी बोलतील का गं?

मी हो म्हटलंय. त्याची खोली झाडून ठेवलीय, बाबांच्या खोलीला लागूनच आहे. पण तो राग दादाचाच होता आणि तो उद्या त्याच्याबरोबर घरी येतोय, हे कुणाला सांगू तेच कळत नाहीये.