रिकाम्या चौकोनातली ओळ

काम म्हणाल तर पोरखेळ. त्रिशूरच्या साडीच्या दुकानात मी जाहिरातीच्या मेल पाठवायची. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत, म्हणजे फोटोंच्या साठ्यात, नवे फोटो अपलोड करायचे, शिळे झालेले डिलीट करायचे. भाजी निवडण्यातलाच प्रकार.

ओणमच्या मेलमध्ये काउंटरवरच्या अश्वतीचा फोटो होता. पांढरी, जरीकाठाची कसवू साडी नेसून फुलांच्या रांगोळीमागे बसलेली, खुदकन हसलेली. महिन्याभरात ती तापाने गेली. लग्नसराईच्या मेलसाठी तोच फोटो पुन्हा घ्यायचं माझ्या मनात होतं. "मेलेल्या पोरीच्या तोंडून लग्नाचं आवतण देतेस का?" असं म्हणत आमच्या साहेबांनी, बिजूचेट्टननी, तो फोटो लायब्ररीतून स्वतःच काढून टाकला. जुन्या मेलींना काय होतंय, असं त्यांना वाटलं. पण पाठवलेल्या मेलमध्ये फोटो नसतोच. दर वेळी तो लायब्ररीतूनच येतो. त्यामुळे सगळ्यांच्या फोनमधून ती एकदम पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचे वडील, अच्युतन माश, दुकानात आले. माश म्हणजे मास्तर, शाळेत शिकवायचे ते. घरात तिचे फोटो होते, पण हसणारा हा एकच, आणि फोटोग्राफरकडेही तो उरला नव्हता. त्यांच्या फोनवर रिकामा चौकोन होता. त्यात मी लिहिलेली ओळ. फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी दिसावी म्हणून अशी ओळ लिहून ठेवतात. 'साडी नेसून बसलेली मुलगी. हसते आहे.'

माशनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "शोध ना, मोळे," लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले.

सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला माझ्या विनवण्या सुरू झाल्या. माश रोज येऊन बसायचे. एकदा त्यांनी फोन पुढे केला. चौकोनात होतं, 'साडी नेसून बसलेली मुलगी. अंधार आहे.'

गेलेल्या मेलमधलं अक्षर कुणालाच बदलता येत नाही. बिजूचेट्टन हसण्यावारी न्यायला गेले, पण हसू काही फुटेना.

पुढच्या आठवड्यात, 'साडी नेसून बसलेली मुलगी. वाट पाहते आहे.'

"तिला तिथं... कळत असेल का गं?" माशनी विचारलं. त्या क्षणी मला स्वतःच्या नोकरीची किळस आली.

शेवटी कंपनीला फोटोची जुनी प्रत सापडली, ती मूळ जागी बसवली गेली. माशच्या फोनवरचा चौकोन सावकाश भरत गेला. समई होती. रांगोळी होती. मागे कुणीच नव्हतं.

"उशीर झाला," माश हळूच म्हणाले. "किती दिवस बसेल बिचारी..."

ते गेल्यावर मी फोटो मोठा करून पाहिला. फुलं तुडवली गेली होती. अनवाणी पावलं रांगोळीतून सरळ आमच्याकडे येत होती. शेवटचं पाऊल अर्धंच दिसत होतं. उरलेलं चौकटीच्या बाहेर पडलं होतं.