पुसलेला शुक्र

"काळी काच धरल्याशिवाय सूर्याकडे पाहायचं नाही, दामिनी!" शेजारच्या जयश्री मॅडमनी दोनदा बजावलं होतं. २०१२चा जून, शुक्र ग्रह सूर्यासमोरून सरकत होता. "एका मिनिटानं काय होते?" म्हणत पंधरा वर्षांच्या दामिनीनं मान वर केली... उजव्या डोळ्यासमोर फिकट ठिपका बसला तो बसलाच.

आता पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर तिचा फोटो स्टुडिओ होता. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पाच वर्षांची ऋतुजा काउंटरमागे चित्रं रंगवायची आणि दर दोन मिनिटांनी दामिनीची नजर तिच्याकडे जायची.

एका दुपारी सौंसरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा प्रफुल्ल आला. हातात १८७४ सालच्या सूर्याच्या फोटोची जुनी प्रत. "स्वच्छ अन् मोठी करून द्या."

नवरीच्या गालावरचे डाग पुसावे तशी दामिनी कामाला लागली. सूर्याच्या कडेशी काळा ठिपका दिसला. आपल्याच डोळ्यातला असेल... तिनं उजवा डोळा मिटून पाहिलं. होताच. मग धूळच! पुसून टाकला.

फोटो पाहून प्रफुल्ल हसतच सुटला.

"कायले हासून राहिले?"

"शुक्र कुठं गेला, मॅडम?"

"कोणता शुक्र?"

"तो ठिपका! १८७४ सालीही शुक्र सूर्यासमोरून गेला. तो टिपायला लोकांनी दुर्बिणी घेऊन समुद्र ओलांडले. महिनोन्महिने खोट्या शुक्रावर सराव केला, ऐन वेळी हात चुकू नये म्हणून. अन् तुम्ही एका क्लिकमध्ये—"

दामिनी कानापर्यंत लाल झाली. "आधी सांगायचं ना मग!"

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. कधी फोटो घेऊन, कधी... नुसताच.

"एक फ्रेंच माणूस शुक्रासाठी आठ वर्षं थांबला," त्यानं एकदा सांगितलं. "अन् त्या सकाळी ढग आले."

"बापा! घरी बायको होती?"

"नव्हती."

"बरं झालं."

दोघं हसले. पण त्याचं आठ महिन्यांसाठी उत्तराखंडातल्या रुडकीला, त्या शुक्राचे जुने कागद पाहायला जायचं ठरलं, तेव्हा तिचं हसू उडालं. गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, हे ती जाणून होती. आणि ऋतुजा तर शनिवार मोजू लागली होती.

निघायच्या दिवशी तो संत्र्यांची पिशवी घेऊन उभा राहिला. "मला... म्हणजे, तुम्हाला विचारायचं होतं..."

"असं नाही, काका!" ऋतुजा ओरडली. "मागच्या शनिवारी चांगलं म्हटलं होतं. आई, तू झेरॉक्स काढत होती ना, तेव्हा हे माह्यासमोर प्रॅक्टिस करून राहिले होते. 'माझ्याशी लग्न कराल?' तीन वेळा!"

प्रफुल्लनं पिशवीतच तोंड खुपसलं. दामिनीनं लेकीला जवळ ओढलं. "तुला चालेल?"

"चालेल. पण मी खिडकीजवळ झोपीन."

"मग..." दामिनी त्याच्याकडे वळली, "मीही हो म्हणून राहिले. लवकर या."

तो रोज फोन करतो. "जेवलो," म्हणतो. दामिनीला मुळीच पटत नाही. तुमच्यापैकी कुणी रुडकीला राहत असेल, तर एवढं करा— कागदांत बुडालेला, उंच, विस्कटलेल्या केसांचा मास्तर कुठं दिसला, तर त्यानं डबा उघडला की नाही, जरा पाहून या. आणि त्याला नका विचारू. तो खोटं सांगतो, तिला काळजी वाटू नये म्हणून.