रहाटघराच्या माथ्यावर

त्या सकाळी पुष्पा खैरनारला जाग आली ती घर हलायचं थांबलं म्हणून. एरवीही ते हलताना कळत नसे. रहाटघरातलं घर मुंगीही घाईत वाटावी इतक्या सवडीनं सरकतं. पण फरशीखालून एक बारीक घूं सतत येत राहते. ती अंगात इतकी मुरलेली असते, की थांबली तरच ऐकू येते. खिडकीबाहेर सगळं शहर धुक्यात बुडालं होतं. वर उरले होते फक्त रामशेजचा डोंगर आणि इमारतीच्या ऐन माथ्यावर येऊन टेकलेलं तिचं घर.

शहरानं आधी गरिबांसाठी वेगळ्या वस्त्या बांधून पाहिल्या होत्या. त्या वेशीबाहेर पडल्या. मग सगळ्यांना एकाच इमारतीत घेतलं, तर पैसेवाले वर गेले आणि बाकीचे रस्त्याची धूळ खात खाली राहिले. शेवटी कुणा अभियंता बाईंना आजोळच्या विहिरीवरचा रहाट आठवला. घरांच्या दोन उभ्या माळा, एक चढती आणि एक उतरती, एकाच साखळीत ओवलेल्या. उतरणाऱ्या घरांचं वजन चढणाऱ्यांना उचलतं, म्हणून वीज नावापुरती लागते. नळाच्या, विजेच्या जोडण्या मजल्यामजल्यावर आपोआप सुटतात आणि पुढच्या मजल्यावर आपोआप जुळतात. अल्प, मध्यम, उच्च अशा तिन्ही उत्पन्न गटांची घरं त्यात मिसळून टाकलेली. भाडं ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे, ऊन-वारा मात्र सगळ्यांना पाळीपाळीनं. वर्षातून एकदा प्रत्येक घर आकाशाला शिवून येतं आणि एकदा रस्त्याच्या धुरात बसून येतं.

पुष्पाचा नवरा नामदेव आतल्या खोलीत झोपला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं खडी फोडणाऱ्या यंत्रावर काढली, आणि त्या दगडाची भुकटी त्याच्या छातीत बसली ती बसलीच. घर खाली असलं की तो रात्रभर उशीला टेकून बसे आणि खोकत राही. घर चढू लागलं की खोकला उतरू लागे. माथ्यावर आल्यापासून तो लहान मुलासारखा गाढ झोपत होता. पुष्पा कधीकधी नुसती त्याचा श्वास ऐकत बसे, आणि तेवढ्यानं तिचं पोट भरे.

घर थांबलं होतं ते मतदानासाठी. साखळी झिजली होती. नवी घालायची तर प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे खर्चाचा थोडा भार उचलायचा. नाहीतर रहाट आज जसा उभा आहे तसाच कायमचा थांबवायचा, ज्याचं घर जिथे असेल तिथे. घरं बायकांच्या नावावर, म्हणून मतही त्यांचंच. दाराजवळच्या पाटीवर दोन बटणं उमटली होती: ‘फिरू दे’ आणि ‘थांबव’.

महिनाभर इमारतीत तत्त्वांचा नुसता पूर आला होता. वरच्या अर्ध्यातले लोक स्थैर्याचे फायदे सांगत, खालच्या अर्ध्यातले समतेवर बोलत. यात गरीब-श्रीमंत असा काही भेद नव्हता. आपला तो बाब्या. आधी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात आणि मग मत घ्यावं, अशी एक सूचना आली होती. ती कुणी केली होती हे वरच्यांपैकी कुणालाच आता आठवत नव्हतं. पुष्पालाही नाही, खरं सांगायचं तर.

तिचं बोट बटणापाशी अडलं होतं ते वसुंधरा दातारांमुळे. बाई उच्च उत्पन्न गटातल्या, निवृत्त डॉक्टर, एकट्या. त्यांचं घर साखळीत पुष्पाच्या बरोबर उलट्या टोकाला. ही माथ्यावर असली की त्या तळाला. वर्षातून दोनदा, अगदी मध्यावर, दोघींच्या खिडक्या समोरासमोर येत आणि दीड-दोन दिवस तशाच राहत. पहिल्या वेळी बाईंनी हात लांब करून लिंबाच्या लोणच्याची वाटी दिली. रिकामी वाटी परत कशी द्यायची? पुष्पानं सहा महिन्यांनी तीत शेंगदाण्याची चटणी भरून दिली. तेव्हापासून वाटी कुणाकडेच रिकामी राहिली नव्हती.

दुपारी पुष्पानं फोन लावला. बाईंनी ‘फिरू दे’ दाबलं असेल, म्हणजे आपल्याला ‘थांबव’ दाबायला मन मोकळं, असा तिचा हिशेब.

“मी सकाळीच ‘थांबव’ दाबलंय,” दातारबाई म्हणाल्या.

“पण बाई, तुम्ही तर तळाला आहात.”

“असू दे. चष्मा लावूनही मला डोंगर दिसत नाही. नामदेवला वर झोप लागते ना?”

पुष्पाला त्यांचा रागच आला. भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं पाट मांडून द्यावा, तसं झालं. लिफ्ट आहे की, जाऊ आपण रोज खाली बाईंकडे, असं तिनं स्वतःला समजावलं. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती एका उंच इमारतीच्या मागच्या वस्तीत राहिली होती, आणि वर एकदाही गेली नव्हती. लिफ्ट तर तिथेही होती. थांबलेल्या घरांतली माणसं आधी रोज भेटतात, मग सणाला भेटतात, मग फोनवर शुभेच्छा पाठवतात. आणि बाईंचं काय, त्या धुरात म्हाताऱ्या होणार, तेही हसतमुखानं.

तिनं आत डोकावून पाहिलं. नामदेवची छाती संथ वरखाली होत होती. तिला रडू आलं. डोळे पुसून ती दाराशी गेली आणि तिनं ‘फिरू दे’ दाबलं.

ऊन कलताना फरशीखालून घूं सुरू झाली. किती मतांनी, ते पाटीवर उमटलं असणार. तिनं पाहिलं नाही. ती खिडकीशी बसून राहिली. धुकं केव्हाच विरलं होतं. डोंगराची कड गजाच्या एका आडव्या पट्टीला टेकलेली होती, ती हळूहळू पट्टीच्या वर निघाली. डोंगर वर चालले की समजावं, घर उतरतंय.

नामदेव उठून तिच्याशेजारी येऊन बसला. पट्टीच्या वर निघालेला डोंगर त्यानंही पाहिला.

“तू काय दाबलंस?”

तिनं सांगितलं. दातारबाईंचंही सांगितलं.

“मला उठवायचं तरी होतंस.”

“इतकी छान झोप लागली होती तुम्हाला.”

तो हसला की नुसता श्वास सोडला, हे तिला कळलं नाही. इतकी वर्षं त्याचा प्रत्येक श्वास मोजणाऱ्या पुष्पाला त्याच्या चेहऱ्यावरचं आज काही वाचता येईना.

“आणि उठवलं असतंस,” नामदेव म्हणाला, “तर मी काय म्हणालो असतो, सांग बरं?”